पुसलेली फुली

ओव्हिद गार्नसोंच्या पिंपाला नाव ठेवायचं नाही, हे बोवाल गावात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होतं. माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या घरी कोणी गेलं तर खांदा द्यायला पहिला हजर, द्राक्षं तोडायच्या दिवसांत शेजाऱ्याचं पिंप फुटलं तर आपलं देऊन मोकळा. पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. एकदा पाद्रीबाबा बोलता बोलता म्हणाले, "ओव्हिद, यंदा वरचं कडं जरा सैल वाटतंय रे," तर या गृहस्थाने सहा महिने चर्चची पायरी चढली नाही. चढला तेव्हाही शेवटच्या बाकावर बसला आणि प्रवचनभर खिडकीबाहेर बघत राहिला.

गंमत अशी, की चूक दाखवायची रीत त्याच्याच कारखान्यात होती, आणि ती त्याच्याच आजोबांनी घालून दिलेली. दाराशेजारी खिळ्याला सुतळीने खडू बांधलेला असायचा. दुसऱ्याच्या पिंपात खोट दिसली की बोलायचं नाही, भांडायचं नाही. खडू घ्यायचा आणि त्या पिंपावर फुली मारायची. मग ज्याने पिंप केलं त्याने ते पाण्याने भरून बघायचं. खोट निघालीच तर आपल्या हाताने ते फोडायचं, फळ्या शेगडीत घालायच्या, आणि त्या दिवशी सगळ्यांना आपल्याकडून वाईन आणि पाव द्यायचा. खाऊनपिऊन विषय संपला. मालक असो की नोकर, नियम सगळ्यांना सारखा.

तीस वर्षांत मालकाच्या पिंपावर फुली पडली नव्हती. म्हणजे त्याची सगळी पिंपं निर्दोष होती असं नव्हे. म्हणजे कुणाची छाती नव्हती.

पडली ती एकदाच. ओव्हिदचा एकुलता मुलगा एव्रार तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, कारखान्यात बापाच्या हाताखाली शिकत होता. दारापाशी जायला तयार असलेल्या पिंपाभोवती तो दोनदा फिरला, खडू घेतला आणि फुली मारली. जुना कारागीर बाझील फळी तासत होता, त्याचा रंधा जागच्या जागी थांबला. ओव्हिद आला. त्याने पिंपात पाणी भरलं नाही, वाकून पाहिलंसुद्धा नाही. शर्टाच्या बाहीने फुली पुसली आणि म्हणाला, "पिंप बघायला डोळे लागतात. तुझे अजून उघडायचेत."

एव्रारने चामड्याचा एप्रन सोडला, खिळ्याला अडकवला आणि बाहेर पडला. त्याच आठवड्यात तो दोन कोसांवरच्या उड्डाणाच्या माळावर विमानांची इंजिनं पुसायच्या कामाला लागला. पिंपवाल्यांच्या पाचव्या पिढीने तेलाची चिंधी हातात धरली! ओव्हिद म्हणाला, "जाऊ दे, पोटाला चिमटा बसला की येईल परत." आला नाही. एप्रन मात्र खिळ्यावरून कुणी काढला नाही.

बापलेकांचं चार वर्षं बोलणं नव्हतं. मधे एव्रारने लग्न केलं. त्याची बायको झेली तोंडाने तिखट आणि मनाने लोणी. नाताळला ती नवऱ्याला ओढून सासऱ्याच्या टेबलाशी बसवायची. मग समोरासमोर बसलेले दोघं तिच्यामार्फत बोलायचे. "झेली, मीठ दे म्हणावं." "झेली, मीठ त्यांच्या कोपरापाशी आहे म्हणावं." एकदा तिने मीठदाणी उचलून स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाली, "आता दोघंही अळणी खा."

त्या वसंतात एव्रारचं नशीब उघडलं. इंजिनं पुसता पुसता तो विमानाची कळ न् कळ ओळखायला लागला होता. विमानकंपनीवाल्यांनी ठरवलं की परवान्याच्या परीक्षेला याला बसवायचं. त्या काळी विमान शिकायचं तर आधी जमिनीवर शिकावं लागे. माळावर त्यासाठी एक खेळणं होतं. अर्धं कापलेलं पिंप, खाली उखळीत बसवलेलं, म्हणजे कुठल्याही बाजूला कलेल असं. त्याला दोन्ही बाजूंना आडव्या लांब दांड्या. शिकणारा आत बसायचा. बाहेरचे दोघं दांड्या दाबून पिंप डावी-उजवीकडे कलवायचे, वारा विमानाला कलवतो तसं. आतल्याने बाजूचं चाक फिरवायचं, की चाकाच्या दोऱ्या पिंपाला पुन्हा सरळ करायच्या. डोक्याने नव्हे, हातांनी शिकायचं होतं ते. पण खेळणं एकच आणि शिकणारे चौदा, सगळे मोटारीतून येणारे. इंजिन पुसणाऱ्याचा नंबर लागायचा तो दिवस मावळल्यावर.

झेली एका रविवारी सासऱ्याकडे आली आणि चिरलेला कांदा पातेल्यात टाकता टाकता म्हणाली, "बाबा, तिकडे उडायला शिकायला पिंप लागतं म्हणे."

"पिंप?" ओव्हिदने चमचा खाली ठेवला. "कुणी केलंय?"

"कुणा सुतारानं."

"सुतारानं! पिंप!" ओव्हिद उठूनच उभा राहिला. "म्हणजे ते गळत असणार."

"बाबा, त्यात काही भरायचं नसतं. माणूस बसतो."

"मग माणूस गळेल!"

आठ दिवसांत त्याने पिंप उभं केलं. जुनं मुरलेलं ओक लाकूड, लोखंडी कडी, आत बसायला फळी. एव्रारने झेलीच्या हाती खाटकाच्या कागदावर एक चित्र काढून पाठवलं होतं: चाक कुठे, कप्पी कुठे, दोरी कुठून कुठे. ओव्हिदने चित्र समोर टांगलं आणि पिंपाच्या पुढ्यात उभं राहून एकेक दोरी ओवली. एका पायाने दांडी दाबून बघितली, चाक फिरवलं, पिंप सरळ झालं. झालं, जमलं.

रविवारी एव्रार आला. चार वर्षांनी तो कारखान्याच्या अंगणात पाऊल टाकत होता. त्याने पिंपावरून हात फिरवला, कडी वाजवून बघितली, आणि आत बसला. ओव्हिदने एका बाजूने दांडी दाबली. एव्रारने चाक फिरवलं आणि थांबला. पुन्हा फिरवलं. दोऱ्यांकडे बघत राहिला. मग उतरला, दारापाशी जाऊन खडू घेतला आणि, "जरा खुणा करतो," म्हणत पुन्हा आत शिरून फळीखाली वाकला.

"का रे? काही खोट आहे का?" ओव्हिदने विचारलं. आवाज नेहमीचाच करडा. पण हात दांडीवर घट्ट आवळलेले होते. पोराने आता नाक मुरडलं तर आपण काय बोलून बसू याची त्याची त्यालाच खात्री नव्हती.

एव्रार बराच वेळ वाकलेला होता. वर आला तेव्हा बाहीला पांढरं लागलं होतं. त्याने बापाकडे बघितलं, मग झेलीकडे, मग पुन्हा बापाकडे.

"नाही बाबा," तो म्हणाला. "झकास झालंय."

बाबा! चार वर्षांनी तो शब्द कानावर पडला. ओव्हिदने नाक शिंकरल्यासारखं केलं आणि दांडी एवढ्या जोरात दाबली, की एव्रारचं डोकं कड्यावर आपटलं.

मग रोज. माळावरचं काम आटोपलं की एव्रार सायकल हाणत यायचा, आणि ऊन उतरेपर्यंत अंगणात पिंप डुलायचं. एका टोकाला ओव्हिद, दुसऱ्याला बाझील. "अरे, पिऊन पडलेला पाद्रीसुद्धा तुझ्याहून सरळ बसतो!" ओव्हिद ओरडायचा. "बाबा, तुम्ही बोकडासारखे हिसडे देताय. वारा द्या, वारा!" "वारा काय तुझ्या सोयीनं येणाराय? डावं खाली! चाक पुढे! पुढे, गाढवा!" "पुढेच आहे की!" बाझील मधेच टोक सोडून तंबाखू भरायचा आणि दोघंही त्याच्यावर तुटून पडायचे. झेली दारात बसून घेवडा सोलायची. शेजारपाजारचे कुंपणावर येऊन टेकायचे. अंधार पडायच्या आत सूप, पाव, आणि टेबलावर मीठ आता थेट मागितलं जायचं.

डावी बाजू खाली गेली, की चाक पुढे. उजवी खाली, की चाक मागे. बारा आठवड्यांत ते ओव्हिदच्याही हाडात भिनलं. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्याला एवढं सुख कधी लाभलं नव्हतं. झोपताना तो मनात म्हणायचा, देवा, ही परीक्षा जरा लांबव.

परीक्षा ऑगस्टात आली. माळावर संध्याकाळी वारा पडला की उडायचं, तीन फेऱ्या मारायच्या, आणि खुणेजवळ उतरायचं. ओव्हिद, बाझील आणि झेली दोरीच्या अलीकडे उभे होते. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. "आता बघ," ओव्हिदने शेजारच्या अनोळखी माणसाला कोपर मारलं, "माझा मुलगा आहे." तिसऱ्या फेरीला विमान चिनारांच्या रांगेवरून वळलं, तेवढ्यात कुठूनसा एक झटका आला आणि डावा पंख खाली गेला.

"चाक पुढे!" ओव्हिद ओरडला. तिथवर आवाज जाणार होता थोडाच! पण तो घसा फोडून ओरडला. "पुढे, पोरा, पुढे!"

पंख सावरला नाही. आणखी खाली गेला, मग एकदमच. चिनारांमागे ते दिसेनासं झालं, आणि लाकडं मोडल्याचा आवाज मागाहून आला.

ते पोचले तेव्हा एव्रारला गवतावर ठेवलेलं होतं. चेहऱ्याला काहीच झालं नव्हतं. झेलीने त्याच्या कपाळावरचं तेल रुमालाच्या टोकाने पुसलं, पुन्हा पुसलं, तेल निघून गेलं तरी पुसत राहिली.

पुरल्यानंतर चौथ्या दिवशी कंपनीचं पत्र आलं. दुःख झालं, सहभागी आहोत, वगैरे; आणि शेवटी एक ओळ: यंत्र निर्दोष होतं, अपघात चालकाच्या चुकीने झाला. वर्तमानपत्रातही सहा ओळी आल्या, त्यातही तेच. ओव्हिदने ते दोनदा वाचलं आणि कागद मुठीत चुरगाळला.

"चूक? माझ्या पोराची चूक?"

"बाबा, जाऊ द्या ना," झेली म्हणाली. "आता काय त्याचं."

"जाऊ देऊ? उद्या गावात म्हणतील, गार्नसोंच्या पोराला चाक फिरवता येत नव्हतं!" त्याने चुरगाळलेला कागद टेबलावर आपटला. "ज्यांनी त्याला ओढून काढलं, त्यांच्यातल्या एकाने मला सांगितलंय. चाक पुढे होतं, पार टोकापर्यंत पुढे. बोटं सोडवावी लागली म्हणे. डावा पंख खाली, चाक पुढे. बारा आठवडे तेच घोटलं आम्ही! पोरानं बरोब्बर केलं. तार तुटली असणार त्यांची, आणि खापर मेलेल्याच्या माथी! मेलेल्याला बोलता येत नाही, पण त्याचा बाप जिवंत आहे."

झेलीच्या हातातली थाळी खाली टेकली. तिने तोंड उघडलं, मग पाठ फिरवून ती थाळ्या विसळायला लागली.

सोमवारी त्याने ठेवणीतला काळा कोट चढवला आणि बाझीलला गाडी जुंपायला लावली. पोराच्या नावावरचा तो डाग पुसून आणायचा, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. त्याहून जास्त त्याला या जगात काही नको होतं.

माळावर मोर्लो नावाचा मुकादम होता. एव्रार त्याच्याच हाताखाली वाढला होता. ओव्हिदला बघताच तो हात पुसत पुढे आला. "ओव्हिदकाका, बसा. पाणी आणतो."

"पाणी नको. तुझं यंत्र खोटं होतं, एवढं लिहून दे."

"काका, तार एकही तुटली नव्हती. मी स्वतः बघितलं."

"मग चाक पुढे असताना पंख वर का आला नाही?"

मोर्लोने ओव्हिदकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. "काका," तो हलक्या आवाजात म्हणाला, "घरी जा. माझं ऐका. पत्र मी बदलून घेतो. वाऱ्यामुळे झालं असं लिहायला लावतो. पण आता घरी जा."

शहाणा असता तर गेला असता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ओव्हिदचा आवाज चढला, शिकणारे चौदाच्या चौदा जण गोळा झाले, कारागीर तंबूतून बाहेर आले. "वाऱ्यावर ढकलतोस? सगळ्यांदेखत सांग! सगळ्यांदेखत दाखव मला!" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मोर्लोने खांदे पाडले. बाजूला तसलंच दुसरं विमान उभं होतं. त्याने शिडी लावली. "बसा."

ओव्हिद चढून बसला. कोट खुर्चीत अडकला, बाझीलने तो सोडवला. उजव्या हाताशी चाक होतं, अगदी अंगणातल्यासारखं.

"डावा पंख खाली गेलाय समजा," मोर्लो म्हणाला. "काय कराल?"

ओव्हिदने तत्काळ चाक पुढे फिरवलं. हाताला विचारावं लागलं नाही.

"आता डाव्या पंखाकडे बघा. मागची कड बघा."

ती कड तारांनी ओढली जाऊन वर उचलली गेली होती.

"कड वर गेली की वारा त्या पंखाला खाली दाबतो, काका. आता मागे फिरवा."

ओव्हिदने मागे फिरवलं. कड खाली वाकली.

"आता वारा खालून उचलतो."

ओव्हिदने पुन्हा पुढे फिरवलं, पुन्हा मागे. पुन्हा पुढे. कड उठत होती, वाकत होती.

"म्हणजे मागे," तो म्हणाला.

"मागे."

"सगळ्या यंत्रांत?"

"आमच्या सगळ्या. माळावरच्या पिंपातही."

ओव्हिदला खाटकाच्या कागदावरचं चित्र दिसलं. चित्र आत बसलेल्याच्या बाजूने काढलं होतं. आणि दोऱ्या ओवल्या होत्या त्याने पुढ्यात उभं राहून, पिंपाकडे तोंड करून. आजन्म पिंपं बाहेरूनच बघितलेली. आत बसून बाहेर बघायची वेळ कुठल्या पिंपवाल्यावर येते? त्याचं डावं ते पोराचं उजवं होतं.

"पण इथे तो मागेच फिरवायचा ना?" त्याने विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

"इथे रोज मागेच. कधी चुकला नाही. पण काका, झटका येतो तेव्हा माणूस विचार करत नाही. हात करतात ते करतात. आणि हातांना बारा आठवडे..." मोर्लो थांबला.

"त्याला माहीत होतं? माझं उलटं आहे ते?"

मोर्लो हातातल्या चिंधीकडे बघत म्हणाला, "मला नाही ठाऊक."

बाझीलने गाडी परत वळवली. गावाच्या वेशीशी ओव्हिद एवढंच म्हणाला, "मी ओरडलो होतो, बाझील. पुढे, पुढे म्हणून." बाझीलने घोड्याला उगाच हाक दिली.

अंगणात पिंप तसंच उभं होतं. दांडीवर कोंबडी बसली होती. ओव्हिदने तिला हुसकलं नाही. झेली सुपाचा वाडगा घेऊन आली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने तो जोत्यावर ठेवला.

"झेली, एव्रारला माहीत होतं का गं?"

"नाही, बाबा," ती लगेच म्हणाली. "मुळीच नाही."

ओव्हिदने मान हलवली. फार लवकर आलं होतं ते 'नाही'. या घरात त्याला नाही म्हणायला कधीच कुणाला वेळ लागला नव्हता. सूप खारट झालंय का? नाही. कडं सैल आहे का? नाही. काही खोट आहे का? नाही बाबा, झकास झालंय.

तो पिंपात चढला. आपल्याच हाताने केलेल्या त्या पिंपात तो कधी बसला नव्हता. आतून सगळं निराळंच दिसत होतं. दार भलत्या बाजूला, विहीर भलत्या बाजूला. दोऱ्या कुठून जातात ते बघायला त्याने खाली वाकून फळीखाली हात घातला, आणि मग डोकं घातलं.

आतल्या फळीवर खडूची फुली होती. एक रेघ स्पष्ट. दुसरी अर्धी, आणि तिच्यावरून पांढरा फरकाटा गेलेला. बाहीने पुसलेली फुली कशी दिसते ते ओव्हिदला कुणी शिकवायला नको होतं. अशी एक त्याने स्वतः पुसली होती.

तो तसाच वाकलेला राहिला. झेली घाबरून जवळ आली. "बाबा?"

"खरं सांग."

ती पिंपाच्या कडेला धरून उभी राहिली. आणि मग तिचा बांध फुटला. "पहिल्याच दिवशी कळलं त्याला. घरी जाताना मी म्हटलं, अरे सांग त्यांना, दोन दोऱ्यांचा तर प्रश्न, घटकाभराचं काम. तर म्हणाला, झेली, म्हातारा चार वर्षांनी माझ्याशी बोलतोय. एकदा फुली मारली होती, तिची चार वर्षं भोगली. आता मारायची नाही मला. म्हणाला, मी सांभाळून घेईन. तिथलं तिथे, इथलं इथे. आणि म्हणाला..." तिने डोळे पुसले. "म्हणाला, मी उडायला शिकायला थोडाच जातो तिथे, मी बाबांकडे जातो."

ओव्हिदने दोन्ही हातांनी पिंपाची कड धरली आणि तो रडला. अंगणात, दिवसाढवळ्या, कुंपणावर माणसं असताना, मोठ्याने रडला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिव्या द्यायच्या त्या कुणाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बाझीलला आणि बाकीच्या दोघा कारागिरांना अंगणात बोलावलं. झेलीलाही बोलावलं. दाराजवळचा खडू घेतला, वाकून आतली फुली पूर्ण केली, आणि तशीच एक मोठी बाहेरून मारली, सगळ्यांना दिसेल अशी. मग हातोडा घेतला. कडी उतरवली, तळ पाडला, फळ्या एकेक करून सुट्या केल्या. बाझील मदतीला पुढे झाला तर म्हणाला, "ज्याचं त्यानं फोडायचं." फळ्या शेगडीत घालताना फुलीची फळी हातात आली. ती त्याने क्षणभर धरली, आणि तीही घातली. नियम म्हणजे नियम.

मग त्याने पाव कापला, वाईन ओतली आणि चौघांपुढे ठेवली. कुणी पावाला हात लावला नाही.

"बोला," ओव्हिद म्हणाला. "तीस वर्षांत ज्याला जे दिसलं असेल ते बोला."

शेगडीत ओक तडतडत होता. बाझीलने टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली.

"मालक," तो अखेर म्हणाला, "ते चार वर्षांपूर्वीचं पिंप. एव्रारनं फुली मारली होती ते."

"हं."

"तळाची तिसरी फळी झिरपत होती. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी बदलली. पोराचं बरोबर होतं."

ओव्हिद खिळ्यावरच्या एप्रनकडे बघत होता. चार वर्षांच्या धुळीने तो पांढरा पडला होता. हे एक वाक्य त्या दिवशी कुणी बोललं असतं, नाहीतर त्याने स्वतः एक बादली पाणी ओतून बघितलं असतं, तर आज तो एप्रन एव्रारच्या अंगावर असता.

"तिसरी?" त्याने विचारलं.

"तिसरी."

ओव्हिदने बाझीलचा पेला पुन्हा भरला. थोडी वाईन टेबलावर सांडली.

"आणखी सांग," तो म्हणाला.

बाझील सांगत गेला. दुपार झाली तरी तो सांगतच होता, आणि ओव्हिद मान खाली घालून ऐकत होता.